रॅव्हेनाला कशाला उगाच

९ फेब्रुवारी, रविवार

उर्वी जेवायला आली होती. साउथहॅम्प्टनहून निघताना दर वेळी फोन करते, "आई, काही करू नको हं, मी सॅलड खाणार." मी दर वेळी बरं म्हणते आणि कढी, खिचडी, पापड, कोशिंबीर सगळं करते, आणि ती दर वेळी सगळं खाते. आमचं हे असं छान चाललंय.

आज बातमी घेऊन आली. तिला इटलीत रॅव्हेना नावाच्या गावी चार आठवड्यांचा कोर्स मिळालाय, ईस्टरनंतर. तिचं कामच ते. जुन्या चर्चमधली मोझेइक दुरुस्त करते, म्हणजे रंगीत काचेचे आणि दगडाचे इवलेसे तुकडे बसवून केलेली चित्रं. डॉक्टरची मुलगी काचा चिकटवते, असं तिचा बाबा, जयंत, पूर्वी म्हणायचा. आता भेटेल त्याला कौतुकाने सांगतो. रॅव्हेना म्हणजे या लोकांची काशी असावी, असं तिच्या बोलण्यावरून वाटलं. पंधराशे वर्षांपूर्वीची चर्चेस आणि भिंतींवरचे रंग अजून तस्से.

कढी वाढून घेता घेता म्हणाली, "आई, शेवटचा वीक मी फ्री आहे. यू कुड कम. आपण सगळे चर्चेस बघू, टुगेदर."

मनातून मी तेव्हाच बॅग भरायला घेतली. आणि तोंडातून निघालं, "मी कशाला गं उगाच? माझे हे गुडघे. तुझ्या गळ्यात लोढणं."

"ओके," ती म्हणाली आणि पापड घेतला.

आता हे झालं पहिलं विचारणं. पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणतं का? नारायण पेठेत वाढले मी. आमच्याकडे पहिलं नको रीत म्हणून असायचं, दुसरं संकोच म्हणून, आणि तिसऱ्यांदा यजमानीणबाईंनी ताट ओढून वाढलं की "अहो पुरे, पुरे" म्हणत खायचं. पहिल्याच झटक्याला ताट पुढे केलं तर घरी आल्यावर आई कान उपटायची. इंग्रजांना यातलं काही कळत नाही, हे मला इथे इंग्लंडला आल्या आल्याच समजलं होतं. माझ्या लॅबमधल्या एका बाईने घरी बोलावून केकची बशी पुढे केली. मी नको म्हटलं, तिने बशी उचलून आत नेली. मी उपाशी घरी आले. पण उर्वी काही इंग्रज नाही. विचारील पुन्हा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हॅरोच्या लायब्ररीतून रॅव्हेनावरचं जाडजूड पुस्तक आणलं. जयंतला दिसू नये म्हणून पिशवीत वर मेथी ठेवली. खरं तर त्याला दिसूनही काय होणार होतं? हॉस्पिटलात लोकांना भूल देण्यात आयुष्य गेलं त्याचं, आता स्वतः दुपारी चार चार तास भुलीत असतो.

पुस्तक काय आहे! गाल्ला प्लाचिदिया नावाच्या राणीची म्हणवली जाणारी एक समाधी आहे तिथे. बाहेरून बघाल तर साधी विटांची खोली, एखाद्या जुन्या पंपहाउससारखी. आणि आत छतभर गडद निळा रंग, त्यावर सोनेरी चांदण्या. खिडक्यांना काच नाही, पातळ कापलेला दगड लावलाय, त्यातून मधासारखा उजेड आत येतो म्हणे. दुसऱ्या एका चर्चमध्ये भिंतीवर बायकांची लांबच लांब रांग आहे, प्रत्येकीच्या हातात मुकुट. अगदी हळदीकुंकवाला निघाल्यासारख्या. त्यातल्या एकीचंही तोंड दुसरीसारखं नाही. मी नोकरीभर लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले, बारीकसारीक फरक शोधायची सवय आहे माझ्या डोळ्यांना. पुस्तकावर भिंग धरून बसले तर कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

उर्वीच्या कामाबद्दल मला कधी धड काही विचारता आलं नाही. विंचेस्टरजवळच्या एका चर्चच्या जमिनीवर ती वर्षभर काम करत होती तेव्हा, "ये ना बघायला," म्हणाली होती. मी म्हटलं, बघू. मग ते काम संपलं. आता तिच्याबरोबर तिथे उभी राहीन तेव्हा मला सगळं आधीच ठाऊक असेल. ती सांगायला लागेल आणि मी म्हणेन, "हो, आणि त्या चौथ्या बाईच्या पायाशी कोकरू आहे ना?" कसं तोंड होईल तिचं!

२ मार्च, रविवार

उर्वीचा फोन. फ्लॅट ठरला म्हणाली. "आई, ग्राउंड फ्लोअरवर आहे. जिना नाही. आणि गाव एकदम फ्लॅट आहे, नो हिल्स. सगळे मोठे चर्चेस वॉकिंग डिस्टन्सवर आहे. मध्ये मध्ये बेंच पण आहे."

मी म्हटलं, "बरं झालं गं, तुला सामान चढवायला नको."

मग म्हणाली, "हो, दॅट टू."

मला वाटलं होतं आज विचारील. नुसतीच गावाची माहिती देत बसली. दोन बेडरूमचा फ्लॅट एकटीला कशाला घेतला कोण जाणे. हल्लीच्या मुलांना ऐसपैस लागतं.

११ मार्च, मंगळवार

माझा पासपोर्ट या उन्हाळ्यात संपतोय. नवा मागवला. फोटोत मी नुकतीच कुणाशी तरी भांडून आल्यासारखी दिसतेय. चालायचे बूटही घेतले, तळवा मऊ असलेले, आणि घरातल्या घरात घालून फिरतेय, म्हणजे तिकडे चावायचे नाहीत. सकाळी चहा होईपर्यंत फोनवर इटालियन शिकते. "दोव्हे ला किएझा?" म्हणजे चर्च कुठे आहे. चर्च कुठे आहे ते मला नकाशासकट पाठ आहे, पण कुणाला तरी विचारावंसं वाटेलच की.

जयंतने बूट बघितले. "उर्वीबरोबर जाणारेस का?"

"तिने नीट विचारलं तर बघू."

"विचारलं ना तिने. माझ्यासमोरच विचारलं."

"ते नुसतं म्हणायचं म्हणून म्हणाली. आग्रह कुठे केला?"

"अगं, मग सांग की तिला, मला यायचंय म्हणून."

पुरुषांना काही म्हणता काही कळत नाही. आपणहून कसं सांगायचं? उद्या तिकडे पाय दुखले, मी मागे रेंगाळले, तिच्या मैत्रिणींबरोबरचं जेवण माझ्यामुळे रद्द झालं, तर तिने मनातल्या मनात म्हणावं, हिनेच गळ घातली होती? तिने आग्रहाने नेलं तर गोष्ट वेगळी. मग माझे गुडघे तिची जबाबदारी.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा आणि इथला मदर्स डे यंदा एकाच दिवशी. उर्वी आली ती फुलं घेऊन. गुढीला साखरेची गाठी मी वेम्बलीहून आणली होती, ती बाहेर बांधली तर शेजाऱ्यांचं मांजर तिच्याकडे बघत बसलं. उर्वी पोट धरून हसली. तिला असं हसताना बघून किती दिवस झाले होते.

जेवताना श्रीखंड. एक वाटी झाल्यावर म्हणाली, "नको आई, पुरे, आय अ‍ॅम स्टफ्ड." मी दोन चमचे वाढलेच. तिने वाटी चाटूनपुसून खाल्ली. आग्रह म्हणतात तो याला.

मग हात पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, लिंडा विचारत होती, रॅव्हेनाला स्पेअर बेड आहे का. तिला यायचंय." लिंडा म्हणजे बेनची आई, आमच्या जावयाची. "मी तिला अजून काही सांगितला नाही. तू नक्की येत नाहीयेस ना?"

हे काय विचारणं झालं? येत नाहीयेस ना! जी बाई येत नाहीये तिला विचारतात तसं. माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी हसून म्हटलं, "छे गं. खुशाल जाऊ दे लिंडाला. तिला हौस आहे."

"शुअर?"

"अगदी शुअर."

तिने हातातला टॉवेल घडी घालून ठेवला. मला वाटलं आता म्हणेल, नाही, मला तूच हवीस. तिने नुसतं बरं म्हटलं आणि उठून सगळी भांडी घासली. एरवी कधी घासत नाही. जाताना घट्ट मिठी मारली आणि चटकन गाडीत बसली.

लिंडा मात्र धन्य आहे. उर्वीने रॅव्हेनाचा र काढला नसेल तोच म्हणाली असणार, "ऊ, येस प्लीज!" बोलणाऱ्याची मातीही खपते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं.

४ एप्रिल, शुक्रवार

चैत्रांगण काढलं, दारातल्या पायरीवर. कासव, शंख, गोपद्मं, तुळशीवृंदावन, आणि मध्ये झोपाळ्यात गौर. आमच्या पायरीची फरशी एका जागी तडकलीय. तिथे रांगोळी आत सांडते, म्हणून झोपाळ्याची डावी दोरी मी नेहमी जराशी वाकवून नेते. उर्वी लहान असताना शेजारी उकिडवी बसून माझ्या चिमटीकडे बघायची. संध्याकाळी पाऊस आला की रडायची. मी म्हणायचे, "अगं, उद्या पुन्हा काढू." तिला ते पटायचं नाही.

आजही दुपारी पाऊस आला. पोस्टमनने पासपोर्ट आणून दिला तो त्या ओल्या रांगोळीतूनच. बैल गेला अन् झोपा केला. पाकीट न उघडता कपाटात साड्यांखाली ठेवून दिलं.

लिंडाचं तिकीट काढून झालंय.

२१ एप्रिल, सोमवार

उर्वी गेली. स्टॅन्स्टेडहून बोलोन्या, तिथून ट्रेन. विमानतळावरून फोन केला. मागे चिक्कार गडबड.

"लास्ट चान्स, आई! लिंडा सोफ्यावर झोपेल. शी वोन्ट माइंड."

चेष्टा करत होती. मी म्हटलं, "अगं, लक्ष दे, गेट बंद होईल. पोचल्यावर मेसेज कर. वरण-भात तरी खात जा गं रात्रीचा."

फोन ठेवल्यावर बराच वेळ बूट घालून स्वयंपाकघरात उभी होते. मला खूप वाईट वाटलं. कुणावर रागवावं तेही कळेना, म्हणून जयंतवर रागावले. तो म्हणाला, "मी काय केलं?" त्याने खरंच काही केलं नव्हतं.

१३ मे, मंगळवार

लिंडा परवा पोचली. तिने व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढलाय, त्यात आम्हालाही घेतलंय. सकाळपासून फोटोंचा पाऊस. प्रत्येक फोटोखाली "अमेझिंग!" सान व्हिताले या आठ कोनांच्या चर्चला ही सांत आपोल्लिनारे म्हणते. ज्या राणीच्या अंगावर मोत्यांच्या माळांची एवढी दाटी आहे तिच्याखाली लिहिलंय, "सम लेडी." मी दुरुस्ती लिहिली. सविस्तर लिहिली, सनावळीसकट. पाठवायच्या आधी पुसली. न गेलेल्या बाईने गेलेल्या बाईला वाट सांगायची नसते.

एका चर्चच्या तळघरात पाणी भरलंय, त्यात सोनेरी मासे फिरतात आणि त्यांच्याखाली जुनी मोझेइकची जमीन दिसते. त्या पाण्यावर वाकलेली उर्वी. फोटोत पाठमोरी आहे, पण शर्टाची कॉलर वर राहिलीय तेवढ्यावरून ओळखलं. नीट करायला कुणी नाही तिथे.

आणि तो हातांचा फोटो. नुओव्हो चर्चच्या, म्हणजे त्या बायकांच्या रांगेच्या चर्चच्या, भिंतीवर राजाचा महाल काढलाय, त्यात पूर्वी राजा होता, दरबारी होते. नंतरच्या लोकांना तो राजा नको झाला. त्यांनी माणसं काढून टाकली आणि त्या जागी पडदे बसवले. पण काही खांबांवर हात तेवढे राहून गेले. पुस्तकात वाचलं तेव्हा मला गंमत वाटली होती. आज नाही वाटली. नुसतेच हात, खांबाला धरून राहिलेले.

१६ मे, शुक्रवार

वेम्बलीला गेले होते. ईलिंग रोडवर हापूसच्या पेट्या आल्यात. उर्वी परत येईल तेव्हा आमरस करावा म्हणून एक एक आंबा हुंगून, देठाशी दाबून घेतला. दुकानदार म्हणाला, "मासी, सगळे सारखेच आहेत." सारखे कसे असतील?

घरी येऊन ग्रुप बघितला. आज फोटो नाहीत. नवल म्हणजे गाल्ला प्लाचिदियाचा एकही फोटो अजून आलेला नाही. उर्वी चार आठवडे तिथे आहे आणि सगळ्यात मुख्य तेच राहिलं कसं? विसरली असेल पाठवायला.

२६ मे, सोमवार

आज बँक हॉलिडे. लिंडा लंडनला बहिणीकडे आली होती, जाता जाता आमच्याकडे डोकावली. बदामाची इटालियन बिस्किटं आणली. मी चिवडा पुढे केला, म्हणाली, "ऊ, लव्हली!" आणि मूठभर उचलला. मी दुसऱ्यांदा विचारायच्या आत तिसऱ्यांदा घेतला. मला तिचा कधी नव्हे तो हेवा वाटला.

मग गप्पांत सहज बोलून गेली. बाई मनाने साधी आहे, तिला वाटलं मला माहीतच असणार.

"त्या निळ्या छताच्या खोलीत मला फार अवघडल्यासारखं झालं, मधू. ती जागा तर तुझ्यासाठी राखून ठेवलेली होती ना."

मी विचारलं, म्हणजे?

"उर्वी आत गेलीच नव्हती. कोर्सचे सगळे पहिल्याच दिवशी गेले, ही बाहेर बसून राहिली. मला आईबरोबर पहिल्यांदा बघायचंय, म्हणाली त्यांना. तू येशील असं तिला शेवटपर्यंत वाटत होतं. मी पोचल्यावरही म्हणायची, कोण जाणे, आई अचानक येईल. शेवटच्या शुक्रवारी मग मीच तिला घेऊन गेले. आत पाचच मिनिटं उभं राहू देतात. वर बघितलं आणि जी रडायला लागली! तिने तुला विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं, पण तुला या चर्चबिर्चमध्ये रस नाही, असं म्हणाली."

मी म्हटलं, "हो, माझे गुडघे." आणि चहा ओतायला आत गेले.

चहा ओतला आणि तशीच ओट्याला धरून उभी राहिले. पुन्हा पुन्हा विचारलं! मी तर एकच विचारणं धरून बसले होते. तळमजल्यावरचा फ्लॅट. बेंच आहेत, टेकड्या नाहीत. तू नक्की येत नाहीयेस ना. लास्ट चान्स, आई. पोरगी सारखी ताट पुढे करत होती आणि मी आपली तिने ओढून वाढायची वाट बघत बसले. तिला ओढून वाढता येत नाही. कोण शिकवणार होतं? मी तर तिला फक्त खायला शिकवलं.

लिंडा गेल्यावर जयंतला सांगितलं. मला वाटलं म्हणेल, मी सांगत होतो. पण तो टीव्ही बंद करून शेजारी येऊन बसला. त्यानेच मला जास्त रडू आलं.

मला यायचं होतं. हे इथे तरी लिहून ठेवते. मला फार, फार यायचं होतं. त्या शुक्रवारी ती त्या चांदण्यांखाली रडत होती तेव्हा मी ईलिंग रोडवर आंबे हुंगत होते.

१ जून, रविवार

उर्वी आली. उन्हाने काळवंडलीय, बोटांच्या टोकांना चिरा पडल्यात काचांच्या. मी हात हातात घेऊन बघायला लागले तर म्हणाली, "इट्स फाइन, आई," आणि काढून घेतले.

जेवणाआधी गाडीतून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड आणलं. जयंतला म्हणाली, "बाबा, केअरफुल." मग माझ्याकडे न बघता टेबलावर ठेवून टॉवेल सोडला.

कोर्सच्या शेवटी प्रत्येकाला एक तुकडा करायचा होता. बाकीच्यांनी तिथल्या चर्चमधले पक्षी केले, चांदण्या केल्या. हिने चैत्रांगणातला झोपाळा केलाय. निळ्यावर पांढरा, कडेला सोनेरी. गौर आहे, तिच्या डोक्यावरची महिरप आहे. आणि डावी दोरी मध्येच जराशी वाकलीय.

"ही दोरी वाकडी का गं केलीस?" मी विचारलं. दुसरं काही बोलता येईना म्हणून विचारलं.

"तशीच असतो ना? तू नेहमी तशी करतेस." मग म्हणाली, "सर म्हणाले सरळ कर. मी म्हटलं नो, माझी आई असंच काढते. त्याचा काहीतरी मीनिंग असेल."

मी तिला तडकलेल्या फरशीबद्दल सांगितलं नाही. जयंतने तोंड उघडलं होतं, त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं.

"लहानपणी पाऊस आला की मला इतका राग यायचा," ती म्हणाली. "हे नाही जाणार. धिस वोन्ट वॉश ऑफ. तुला तिकडेच दाखवायचा होता, वर्कशॉपमध्ये. ओला असताना."

मग मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न विचारता म्हणाले. "उर्वी, मला यायचं होतं गं."

"मग म्हणालीस का नाही?"

"मला वाटलं तू आणखी आग्रह करशील."

"आई, मी विचारला. आय आस्क्ड अँड आस्क्ड. प्रत्येक वेळी तू नो म्हणालीस. मला वाटला, शी रिअली डझन्ट वॉन्ट टू. अँड आय शुड स्टॉप. नाहीतर इट्स पुशी." तिने झोपाळ्यावरची बारीक धूळ बोटाने पुसली. "माझ्या कामाला तू कधीच आली नाहीस. तर मला वाटला, ओके."

जे बोलायचं ते सगळं फेब्रुवारीतच बोलायला हवं होतं, कढी वाढताना, एका शब्दात. मी तिला सांगितलं की मी पुस्तक आणलं होतं, बूट घेतले होते, पासपोर्ट साड्यांखाली आहे. खांबांवरच्या हातांचं सांगितलं. कुठल्या बाईच्या पायाशी कोकरू आहे तेही सांगितलं. मनात ठरवलं होतं तशी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिला हसू आलं नाही. ती म्हणाली, "तुला एवढं सगळं माहितीये?" आणि डोळे पुसले. ते मला बघवलं नाही.

आमरस वाढला. जेवण होईपर्यंत तिघंही हवेबद्दल बोललो. शेवटी मी धीर केला. "पुढच्या वर्षी नेशील का गं मला? चैत्रात?"

वाटीत चमचा फिरवत म्हणाली, "नको आई. कशाला उगाच. तुझे गुडघे."

मी रसाची पळी हातात घेऊन तशीच उभी राहिले. हे तिचं नको म्हणायचं, की माझं? तिला नकोच आहे, की मी आणखी एकदा म्हणावं म्हणून थांबलीय? तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मीच शिकवलेलं नको, आणि मलाच ते ओळखता येईना. तिला वर्षानुवर्षं असंच होत असणार.

तिच्या वाटीत रस वाढला. ती नको म्हणाली नाही, पण खाल्लाही नाही. तिला उशीर होत होता.

दारातल्या गाडीपर्यंत गेले. तिच्या शर्टाची कॉलर वर राहिली होती, ती नीट केली. खिडकीतून वाकून पुन्हा म्हटलं, "गुडघ्यांचं मी बघते. मला यायचंय."

"ड्राइव्ह करायचंय, आई. पोचल्यावर मेसेज करते," ती म्हणाली, आणि गेली.

झोपाळा टेबलावरच आहे. जयंत म्हणतो भिंतीवर लावू. मी म्हटलं, थांब, आताच नको. आता येत्या रविवारी तिचा फोन येईल तेव्हा पुन्हा विचारीन. नको म्हणाली तर त्याच्या पुढच्या रविवारी विचारीन. तिला पुशी वाटलं तर वाटू दे. तिची वाटी तशीच पडली होती, वर साय धरलेली. टाकवेना, म्हणून उभ्या उभ्या मीच खाऊन टाकली.